मास्तरांना शेजार शिकू द्या

अमेरिकेतली एखादी शाळाशिक्षिका उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-सहा आठवडे भारतात येते. खर्चाचा मोठा वाटा तिथलं केंद्र सरकार उचलत आलं. सकाळी प्राध्यापकांची व्याख्यानं, दुपारी कान्हेरी नाहीतर धारावी, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जेवण. परत जाताना तिच्यावर एक बंधन असतं: जे पाहिलं-ऐकलं त्यातून आपल्या वर्गासाठी पाठ तयार करून द्यायचे. फुलब्राइट-हेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६१च्या कायद्याखाली हे चालत आलं. भारतातल्या अशा अभ्यासदौऱ्यांचा विषय बहुधा असतो दक्षिण आशियाची संस्कृती आणि समाज. म्हणजे आपण.

याच मुंबईत महापालिकेच्या शाळेत सातवीला इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात रत्नागिरीचा मुलगा असतो, आझमगढची मुलगी असते, तिरुनेलवेलीहून आलेल्या घरातली तिसरी पिढी असते आणि सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या नेपाळी माणसाची लेक असते. या बाईंना दक्षिण आशिया शिकण्यासाठी कुणी चार आठवडे सोडाच, चार दिवससुद्धा मोकळे करून देत नाही. मला हे विपरीत वाटतं. मुंबईच्या शिक्षकांसाठी असा अभ्यासक्रम असायला हवा, तो मुंबईतच व्हायला हवा, कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून आणि आपल्याच पैशाने.

अमेरिकेने हे काही आपल्यावरच्या प्रेमापोटी केलं नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि वर्षभरात तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. संरक्षण आणि शिक्षण या दोन गोष्टी एकाच कायद्याच्या नावात आल्या, यातच सगळं आलं. परक्या भाषा आणि परके प्रदेश शिकवणारी केंद्रं विद्यापीठांतून उभी राहिली. पीएल-४८० या अमेरिकी अन्नधान्य-मदतीच्या कायद्याखाली आपल्याला गहू विकून जे रुपये त्यांच्या खात्यात साठले, त्यांतल्या काही रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या ग्रंथालयांना पाठवली गेली. मराठी पुस्तकंही गेली. आज एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाची प्रत गिरगावात मिळत नाही आणि शिकागोत मिळते, त्यामागे हा गव्हाचा हिशेब आहे. त्यांना जगावर वचक ठेवायचा होता, म्हणून जग समजून घ्यायचं होतं. हेतू कसाही असो, एक गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली. विद्यापीठातल्या दहा विद्वानांना कळून भागत नाही. जो माणूस रोज तीस-चाळीस मुलांसमोर उभा राहतो, त्याला कळावं लागतं.

या दौऱ्यांचं मला फार कौतुक आहे असं नाही. महिन्याभरात ताजमहाल, मेंदी, एक देऊळ, एक झोपडपट्टी आणि जातिव्यवस्थेवर तासाभराचं व्याख्यान एवढी शिदोरी घेऊन परतणारे शिक्षक असणारच. तरी आपल्या प्रशिक्षणांच्या शेजारी ठेवून पाहिलं की त्या योजनेतल्या दोन गोष्टी डोळ्यांत भरतात: शिक्षकाला अभ्यासक मानलं जातं, आणि अभ्यास वर्गात उतरवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली जाते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने फुलब्राइट-हेजच्या अनुदानांची त्या वर्षीची स्पर्धाच रद्द केली. ज्यांनी हे सुरू केलं त्यांनाच आता ते नकोसं झालंय. त्यांच्या राजकारणावर अवलंबून राहण्यात काय अर्थ आहे, हे वेगळं सांगायला नको.

शिक्षकाने परका समाज अभ्यासून आपल्या लोकांना सांगावा, ही कल्पना आपल्याकडे आयात करायचीही गरज नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, दोन-अडीच वर्षं राहिल्या, शाळा पाहिल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केलं आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन उघडलं. आधी अभ्यास, मग लेखन आणि लगेच शाळा. कुठल्याही अनुदानाच्या अर्जात लिहिली नसती इतकी नेटकी फलनिष्पत्ती. साने गुरुजींची आंतरभारती तर आपण शाळांच्या भिंतींवर लिहून ठेवली आहे. प्रांताने प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांकडे जावं-यावं, हे अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या माणसाचं स्वप्न होतं. त्यातलं समूहगान तेवढं आपण ठेवून घेतलं.

आता आपल्याकडची प्रशिक्षणं पाहू. शिक्षकाला प्रशिक्षण मिळत नाही असं कुणी म्हणणार नाही. उलट ते अंगावर येतं. बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीचं, चोवीस झाली की निवडश्रेणीचं. ते केल्याशिवाय वेतनवाढ नाही, म्हणून ते करायचं. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला. तरतूद चांगली आहे. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी तास मोबाईलवर व्हिडिओ पुढे सरकवण्यात, लिंक भरण्यात आणि प्रमाणपत्र डाउनलोड करण्यात जातात. समोरासमोरची प्रशिक्षणं असतात तिथे वरून खाली येणारी साखळी असते: राज्यावरचा तज्ज्ञ जिल्ह्याच्या तज्ज्ञाला सांगतो, तो वॉर्डातल्याला, तो शिक्षकांना. खालपर्यंत पोचेतो हातात उरतात त्या स्लाइड. हजेरी, चहा, गटकार्य, फोटो, अभिप्राय. अभिप्रायात ‘प्रशिक्षण अतिशय उपयुक्त होतं’ असं लिहिण्याची एक सर्वमान्य शैली आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाला न शिकवता येते.

या सगळ्या तासांत विषयाचं ज्ञान वाढवणारा भाग फार थोडा असतो. मूल्यमापन कसं करावं, अध्ययन निष्पत्ती कशा नोंदवाव्यात, ॲप कसं चालवावं, याचं प्रशिक्षण असतं. इतिहासाच्या शिक्षकाला इतिहासातलं काही नवं कळलं का, हे कुणी विचारत नाही. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राने (त्याचं सीसीआरटी हे नाव शिक्षकांच्या तोंडी आहे) १९७९ पासून वेगळं काही चालवलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. देशभरातले शिक्षक तिथे एकत्र येतात, एकमेकांची गाणी शिकतात, हस्तकला शिकतात. जाऊन आलेले आनंदाने सांगतात. पण त्याचा भर कलांवर आणि वारशावर आहे. समाज, स्थलांतर, फाळणी, जात, भाषेचे तंटे या अवघड गोष्टींना तिथे थोडीच जागा मिळते. शिवाय त्याची हद्द भारताच्या सीमेशी संपते. आपल्या वर्गातलं जग तसं संपत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांत शेजारी देश येतात, तेही नववीच्या राज्यशास्त्रात, थोडक्यात, करार आणि युद्धांच्या वर्षांसह. दक्षिण आशियाई देशांची संघटना सार्क: स्थापना ८ डिसेंबर १९८५, ढाका. सदस्य पाठ करा. त्या सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली आणि २०१६ची इस्लामाबादची परिषद बारगळली, त्यानंतर पुढची झालेलीच नाही, हे मुलांना कोण सांगणार? आणि ढाक्यात माणसं काय खातात, कुठल्या भाषेवरून त्यांनी जीव दिले, ती आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशेजारी ठेवून पाहण्यासारखी गोष्ट आहे की नाही? २१ फेब्रुवारी १९५२ला ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थी गोळीबारात पडले. इथे चार वर्षांनी फ्लोरा फाउंटनला भाषिक राज्यासाठी गोळ्या झेलल्या गेल्या. दोन्ही ठिकाणी हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. प्रश्न वेगळे होते, सत्ता वेगळ्या होत्या, हे खरं. ते वेगळेपण शोधून काढणं हाच तर एका उत्तम तासाचा विषय आहे. तो घेण्यासाठी शिक्षकाला दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात, आणि एक बाजू त्याला कुणी दाखवलेलीच नाही.

मुंबईतच हे का, तर सामग्री इथे पडून आहे म्हणून. विरारच्या लोकलने नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे गाव श्रीलंकेच्या जन्मकथेत आहे? महावंस हा तिथला पाली इतिहासग्रंथ सांगतो की राजपुत्र विजय लंकेला पोचण्याआधी सुप्पारक बंदरात उतरला होता, पण त्याच्या साथीदारांच्या दांडगाईमुळे तिथे टिकता आलं नाही आणि तो पुन्हा जहाजात चढला. सुप्पारक म्हणजे हेच सोपारा. कथा आहे, मान्य. पण कोलंबोच्या शाळेत मुलं ती ऐकतात आणि आपली मुलं त्याच स्टेशनवर रोज गर्दीत लोंबकळतात. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथेच सापडला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, आतल्या करंडकासह जे हाती लागलं ते एशियाटिक सोसायटीत आलं. फोर्टात, टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेलं की. त्या पायऱ्यांवर वधू-वरांचे फोटो काढायला जाणारे जास्त, हा भाग सोडा.

कराचीचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. सिंध १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीच्या कॉलेजातल्या पोरांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का असे. तिथली पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये सुरू झाली आणि तिला नाव मिळालं नारायण जगन्नाथ वैद्य यांचं. सिंधच्या शिक्षण खात्यातले हे अधिकारी. फाळणी झाली, दंगली झाल्या, युद्धं झाली, रस्त्यांची नावं बदलली, एन.जे.व्ही. स्कूल मात्र अजून त्याच नावाने कराचीत उभं आहे. एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव पाकिस्तानच्या शाळेवर टिकून आहे ही गोष्ट मुंबईच्या किती डी.एड. कॉलेजांत सांगितली जाते? आणि उलट दिशेने आलेले सिंधी कल्याण छावणीत कसे राहिले, त्याचं उल्हासनगर कसं झालं, चेंबूरच्या कॅम्पात कुणी काय धंदा सुरू केला, हे सांगू शकणारी माणसं आता नव्वदीत आहेत. शिक्षकांची एक तुकडी वही-रेकॉर्डर घेऊन या माणसांकडे आज गेली नाही, तर दहा वर्षांनी जाण्यात काही हशील नाही.

दादरची चैत्यभूमी घ्या. डॉ. आंबेडकरांचं धर्मांतर आपण नागपूरपुरतं शिकवतो. ते १९५०ला सिलोनला गेले, १९५४ला रंगूनला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशचे. नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब काठमांडूला होते. ६ डिसेंबरला ते गेले. त्यांच्या शेवटच्या सहा-सात वर्षांचा नकाशा काढला तर तो शेजारी देशांतून फिरतो. हा नकाशा सातवीच्या वर्गात फळ्यावर काढायला खडूखेरीज काहीही लागत नाही. फक्त तो शिक्षकाला माहीत असावा लागतो.

आक्षेप येतील, त्यातला पहिला मी स्वतःच बोलून टाकतो. पाचवीच्या मुलाला दुसरीचं वाचता येत नाही आणि तुम्ही लंकेच्या गोष्टी सांगताय? हा आक्षेप खरा आहे आणि मला त्याचं सोपं उत्तर माहीत असल्याचा आव आणायचा नाही. तरी एक सांगतो: वाचायला न येणाऱ्या मुलांच्या वर्गात घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असलेली मुलं पुष्कळ असतात. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते, आणि तरीही भोजपुरी, नेपाळी, मारवाडी घरातून येणाऱ्या मुलाला आपली भाषा कुठे सापडत नाही. त्या मुलाच्या गावाचं नाव, सणाचं नाव, आईच्या बोलीतले चार शब्द ठाऊक असलेली बाई आणि ‘हा भैय्याचा मुलगा, घरी कोणी बघत नाही’ एवढंच ठाऊक असलेली बाई यांच्या वर्गात फरक पडणारच. समाजाचा अभ्यास हा वाचन शिकवण्याच्या आड येत नाही. पण वाचन शिकवायच्या तासांवर त्याने अतिक्रमण करू नये, हेही खरं.

दुसरा आक्षेप लोक उघड बोलत नाहीत. आजच्या दिवसांत पाकिस्तान-बांगलादेश वर्गात आणणं म्हणजे विस्तवाशी खेळ. एखाद्या पालकाने व्हिडिओ फिरवला की चौकशी लागते. भीती खोटी नाही. मुंबईत ‘बांगलादेशी’ हा शब्द राहिला नाही नुसत्या नागरिकत्वाचा. मधल्या सुट्टीत भांडताना पोरं तो शिवीसारखा वापरतात. ज्याला तो ऐकावा लागतो तो पोरगा बहुतेक वेळा मालदा नाहीतर मुर्शिदाबादचा असतो, बाप झवेरी बाजारात सोन्याचं काम करतो. कुणाची कागदपत्रं खरी, हे ठरवायला पोलीस आणि न्यायालयं आहेत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो, आणि वर्गात भांडण सोडवायला उभी असते ती शिक्षिका. बंगाली ही दोन देशांची भाषा आहे, नेपाळी माणसाला १९५०च्या करारामुळे इथे राहायला आणि काम करायला मोकळीक आहे, या साध्या गोष्टी तिला खात्रीने माहीत असल्या तर ती शांतपणे बोलू शकते. माहीत नसल्या तर ती ‘गप्प बसा रे’ म्हणते. चौकशीच्या भीतीवर उपायसुद्धा हाच: अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाचा असेल, तर शिक्षिका एकटी सापडत नाही.

तिसरा आक्षेप मराठी शाळांची काळजी वाहणारे घेतील, आणि ते माझे मित्रच आहेत. मराठी शाळा बंद पडताहेत, आधी त्यांचं बघा. बघूच. पण मराठीत लंडन-न्यूयॉर्कवर जितकं लिहिलं जातं त्याच्या पासंगालाही ढाका-कोलंबोवरचं लेखन पुरत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला शेजारच्या देशाबद्दल काही वाचायचं तर त्याला इंग्रजीकडे नाहीतर मोबाईलवरच्या किंचाळणाऱ्या बातम्यांकडे जावं लागतं. या अभ्यासक्रमातून मराठीत काही पाठ, नकाशे, मुलाखती तयार झाल्या तर मराठी शाळेला नवी सामग्री मिळेल. भाषा टिकवायची तर तिच्यात जग असावं लागतं.

पैशाचं फार बोलत नाही. मुंबई महापालिकेला तीस शिक्षकांच्या तीन आठवड्यांचा खर्च परवडत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा तिचा अर्थसंकल्प उघडून पाहावा. खरी अडचण वेळेची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत असं म्हटलं, आणि त्या तीन अपवादांतच वर्षाचा केवढा तरी भाग खपतो. मतदार यादीच्या कामासाठी शिक्षकाला कार्यमुक्त करणारा आदेश एका दिवसात निघतो. मग अभ्यासासाठी कार्यमुक्त करणारा आदेश निघायला हरकत काय? मे महिन्याची सुट्टी त्यासाठी खाऊ नये. गावी जाणाऱ्या बाईंना सुट्टीत बोलावलं की पहिल्या दिवसापासून मन आंबट होतं. दिवाळीनंतरचे तीन आठवडे बरे, हवाही फिरण्यासारखी असते. वर्ग कोण घेणार, तर बी.एड.चे विद्यार्थी आंतरवासितेसाठी शाळा शोधत हिंडत असतात. तीस वर्ग सांभाळायला तेवढे पुरतात.

निवड ज्येष्ठता यादीने करू नये, नाहीतर निवृत्तीला वर्ष उरलेले शिक्षक येतील आणि शिकलेलं वर्गात उतरायला वेळच उरणार नाही. अर्ज मागवावेत आणि आठही माध्यमांतून शिक्षक घ्यावेत. उर्दू शाळेतले सर आणि तमिळ शाळेतल्या बाई एरवी निवडणुकीच्या साहित्य वाटपालाच भेटतात. वस्तुसंग्रहालय, एशियाटिक, विद्यापीठाचे विभाग, टाटा समाजविज्ञान संस्था हे सगळं शहरात आहे, बोलावलं तर तिथले लोक येतील. पण अर्धा वेळ तरी रस्त्यावर जावा: सोपारा, कान्हेरी, उल्हासनगर, धारावीतला कुंभारवाडा, भेंडीबाजार. कराची-ढाक्याला आज शिक्षकांची तुकडी पाठवणं कुणाला जमणार नाही. काठमांडू आणि कोलंबो जमतील, तेही तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आणि शेवटी प्रमाणपत्राआधी एक काम: प्रत्येकाने एक पाठ लिहायचा, तो आपल्या वर्गात न घेता दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत जाऊन घ्यायचा, भाषेची अडचण येईल तिथे तिथल्याच शिक्षकाला सोबत उभं करायचं. उर्दू शाळेत चैत्यभूमी ते काठमांडू हा नकाशा, मराठी शाळेत कराचीच्या शाळेवरचं वैद्यांचं नाव, तमिळ शाळेत उल्हासनगरची छावणी. मुलं जे प्रश्न विचारतील ते टिपून ठेवायचे, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीचा अभ्यासक्रम त्या प्रश्नांवरून आखायचा.